आवाजाची लिपी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असलेली अनेक मंडळी या सभागृहात आहेत. तरीही यंदाचे व्याख्यान मी द्यावे असा आग्रह झाला, तो मी गुरुऋण म्हणून मान्य केला. आरंभीच एक गोष्ट सांगतो. ही व्याख्यानमाला आजवर साहित्य, इतिहास आणि शिक्षण या विषयांवर झाली. मी व्यवसायाने अभियंता. कलाभवनात, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या आणि आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचा भाग असलेल्या त्या संस्थेत, मी विद्युतशास्त्र शिकलो. तेव्हा विषयही माझ्या आवाक्यातलाच निवडला आहे. अनेक दिशांनी ऐकू येणारा ध्वनी संगणकाच्या फाईलमध्ये कसा साठवतात, आणि तो साठवलेला ध्वनी एका यंत्रावर वाजतो व दुसऱ्यावर का वाजत नाही, हा तो विषय. एवढा रुक्ष विषय सरांच्या स्मृतिदिनी कशासाठी, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर म्हणून मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल, २००४ साली सरांचा सत्कार झाला. सर आपल्याला पदार्थविज्ञान शिकवत आणि गणेशोत्सवात पदे म्हणत. सत्काराला उत्तर देताना त्यांनी चाळीस मिनिटे भाषण केले आणि शेवटी, आपण सर्वांनी हट्ट धरल्यामुळे, पेटी-तबल्याच्या साथीने दोन पदे म्हटली. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असलेल्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने तो कार्यक्रम हौसेने सहा वाहिन्यांवर मुद्रित केला. काही आठवड्यांनी एक चकती त्याने माझ्या हाती दिली आणि सोबत एक चिठ्ठी. चकती मी कपाटात जपून ठेवली. चिठ्ठी कोठे गेली ते मला आजही ठाऊक नाही.

२००८ साली सर गेले. त्यानंतरच्या पहिल्या स्मृतिदिनी मी ती चकती घेऊन शाळेत आलो. सभागृह भरलेले होते. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. साध्या सीडी प्लेअरमध्ये चकती घातली, कळ दाबली, आणि स्पीकरमधून निघाला तो केवळ खरखराट. वळवाचा पाऊस पत्र्यावर कोसळावा तसा. मी घाईने यंत्र बंद केले, चकती खराब झाली आहे असे सांगून सर्वांची क्षमा मागितली आणि खाली बसलो.

श्रोतेहो, चकती खराब झालेली नव्हती. तिच्यातील एक अक्षरही पुसले गेले नव्हते. आम्हाला ती वाचता येत नव्हती, एवढेच. ते समजायला मला आणखी तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत जे शिकलो तेच आज आपल्यापुढे मांडतो.

दोन कान आणि अनेक दिशा

आपल्याला कान दोनच; पण आवाज कोठून आला हे आपण डोळे मिटूनही सांगू शकतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोहोचतो आणि किंचित मोठा वाटतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश एवढाच असतो. परंतु मेंदूला तो पुरतो. एका स्पीकरमधून सगळे वाद्यवृंद ऐकताना हा फरक नाहीसा होतो. सर्व आवाज एकाच खिडकीतून आल्यासारखे वाटतात.

यावर पहिला समग्र विचार केला तो ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकाच खोबणीत डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या कोरण्याची युक्तीही त्यात होती. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या तेव्हा तिचाच आधार घेतला गेला. या तबकड्यांत सुईच्या आडव्या हालचालीत दोन्ही वाहिन्यांची बेरीज असते आणि उभ्या हालचालीत वजाबाकी. जुन्या यंत्राची सुई फक्त आडवी हालचाल वाचत असे. त्यामुळे नवी तबकडी जुन्या यंत्रावर लावली तरी दोन्ही वाहिन्यांची बेरीज, म्हणजे संपूर्ण गाणे, ऐकू येई. (जुन्या कडक सुईने नव्या खोबणीची झीज होई, हे मात्र खरे.) नव्या पद्धतीने जुन्या यंत्राला उपाशी ठेवू नये, हे तत्त्व येथे प्रथम ठळकपणे दिसते. यालाच मी आजच्या व्याख्यानात 'सुसंगती' म्हणणार आहे.

सुसंगती नसली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. १९७० च्या दशकात चार स्पीकरांचा, म्हणजे दोन पुढे आणि दोन मागे असा, 'क्वाड्रोफोनिक' ध्वनी निघाला. एका कंपनीने एसक्यू नावाची पद्धत आणली, दुसरीने क्यूएस, तिसरीने सीडी-४. एका पद्धतीची तबकडी दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर नीट उलगडेना. सीडी-४ ला तर विशेष घडणीची सुई लागे. ग्राहक गोंधळला आणि दशक संपता संपता तो सारा थाट मोडला. ज्यांनी त्या तबकड्या विकत घेतल्या होत्या, त्यांच्या घरी चार वाहिन्यांचे गाणे आणि ते उलगडण्याचे साधन नाही, अशी स्थिती राहिली.

चित्रपटगृहातील धडा

बहुदिश ध्वनीची खरी शाळा म्हणजे चित्रपटगृह. डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी १९४० मध्येच अनेक वाहिन्यांची योजना झाली होती. पण तिची यंत्रसामग्री इतकी अवजड होती की मोजक्याच चित्रपटगृहांत ती बसवता आली.

याचा अनुभव मी स्वतः विद्यार्थिदशेत घेतला आहे. 'शोले' १९७५ साली आला. पुढल्या उन्हाळ्यात मुंबईला मामाकडे गेलो असता मिनर्व्हामध्ये तो सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर आणि अनेकमार्गी ध्वनीसह पाहिला. आगगाडीचा आवाज पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असे आणि माझ्या शेजारचे गृहस्थ त्याबरोबर मान वळवीत. बडोद्याला परतल्यावर मित्रांसह तोच चित्रपट साध्या चित्रपटगृहात पस्तीस मिलिमीटरच्या प्रतीवर पुन्हा पाहिला. आगगाडी होती, घोडे होते. पण आवाज पडद्याच्या मध्यभागी खिळलेला. मी सरांना विचारले, "सर, आवाज कुठे गेला?" सर म्हणाले, "गेला नाही. एका दारातून सगळ्यांना बाहेर काढलं की कोण कुठे बसला होता ते कळत नाही, तसं झालं." आज पन्नास वर्षांनंतरही याहून सोपी व्याख्या मला देता येत नाही.

याच सुमारास रे डॉल्बी यांच्या कंपनीने एक शहाणपणाची योजना केली. डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्या देशात होते आणि येथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. डावी, मधली, उजवी आणि मागील अशा चार वाहिन्या फिल्मच्या काठावरील दोनच पट्ट्यांत गुंफण्याची त्यांची पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यास आली आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नंतर जगभर पसरली. ज्याच्याकडे उलगडणारे यंत्र आहे त्याला चार वाहिन्या मिळत. ज्याच्याकडे दोनच स्पीकर आहेत त्याला चांगला स्टिरिओ मिळे. आणि एकच स्पीकर असेल तर मागील वाहिनी आपोआप गळून संवाद स्पष्ट राही. क्वाड्रोफोनिक ध्वनीने जो धडा शिकवला होता, तो येथे कोणीतरी गिरवला होता.

पुढे अंकीय ध्वनी आला. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आणि १९९३ च्या 'जुरासिक पार्क'पासून डीटीएस, अशा दोन पद्धती चित्रपटगृहांत स्पर्धा करू लागल्या. पहिलीने अंकीय ध्वनी फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधील रिकाम्या जागेत छापला. दुसरीने तो वेगळ्या चकत्यांवर ठेवला आणि फिल्मवर केवळ वेळेच्या खुणा छापल्या. दोन्हींत वाहिन्या मात्र सारख्याच, आणि त्यांचेच नाव '५.१'.

हा '५.१' म्हणजे काय, असे मला अनेकजण विचारतात. पुढे डावा, मधला आणि उजवा असे तीन, मागे-बाजूला डावा व उजवा असे दोन, मिळून पाच पूर्ण वाहिन्या. सहावी वाहिनी केवळ मंद्र ध्वनीची. सेकंदाला सुमारे १२० कंपनांपर्यंतचाच आवाज ती वाहते. पूर्ण स्वरपट्टीच्या मानाने तो अल्प अंश, म्हणून दशांशचिन्हानंतरचा एक. घरात हे स्पीकर कोठे ठेवावेत याचीही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मधला अगदी समोर, पुढचे दोन त्यापासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन सुमारे एकशे दहा अंशांवर. घरात प्रत्यक्षात ते सोफ्यामागे, पडद्याआड किंवा देव्हाऱ्याशेजारी जेथे जागा मिळेल तेथे जातात, हा भाग वेगळा.

लखोटा आणि लिपी

आता माझ्या चकतीकडे वळतो.

संगणकाच्या फाईलला आपण एक लखोटा समजू. लखोट्यावर मजकूर असतो: आत अमुक प्रकारचा ध्वनी आहे, वाहिन्या इतक्या, सेकंदाला मोजमापे इतकी. आतील पत्र कोणत्या लिपीत आहे, हा वेगळा प्रश्न. आपल्यापैकी ज्यांनी गायकवाडी दफ्तरांतील जुने कागद हाताळले असतील त्यांना हे पटकन कळेल. कागद शाबूत, शाई ठसठशीत, भाषा आपलीच मराठी. पण लिपी मोडी. देवनागरी म्हणून वाचू गेल्यास एक ओळ लागत नाही. तो दोष कागदाचा नव्हे.

साध्या संगीत-सीडीवर दोन वाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनीची सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे. गुणाकार केल्यास सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तेवढ्याच जागेत सहा वाहिन्या बसवायच्या तर ध्वनी निदान तिपटीने आकुंचित करावा लागतो. डीटीएस पद्धतीच्या संगीत-चकतीत नेमके हेच केलेले असते. आत सहा वाहिन्यांचा आकुंचित, सांकेतिक प्रवाह, आणि लखोट्यावर मजकूर मात्र 'साधी सीडी, दोन वाहिन्या' असा. जुन्या यंत्रांनी चकती स्वीकारावी म्हणून केलेली ही सोय होती. यंत्राने ती स्वीकारली खरी. पण मोडी पत्र देवनागरी समजून मोठ्याने वाचले. संकेतातील प्रत्येक अंकाला त्याने ध्वनिलहरीची उंची मानले आणि त्याचा झाला खरखराट.

त्या खरखराटात सर होते. ते मला ठाऊक नव्हते.

स्मृतिदिनानंतर मी ती चकती एका दुकानात दाखवली. तेथील मंडळींनी ती संगणकावर घेऊन एमपी३ करून दिली आणि 'साफ' करून पाहू असे सांगितले. सद्भावनेनेच सांगितले. परंतु येथे एक गोष्ट अगदी स्पष्टपणे नोंदवतो. असा सांकेतिक प्रवाह जशाच्या तसा राहिला तरच उलगडतो. त्याचे एमपी३ केले, आवाज कमी-जास्त केला, मोजमापांची गती बदलली, किंवा खरखर 'काढली', तर संकेत कायमचा मोडतो. त्या एमपी३ मधून सरांचा आवाज आता जगातील कोणतेही यंत्र काढू शकणार नाही. मूळ चकती मी रागाने फेकून दिली नाही, एवढेच माझे सुदैव. ती फेकण्यासाठी एकदा बाजूला काढून ठेवली होती, हेही कबूल करतो.

२०१२ च्या दिवाळीत पुण्याला भाचीकडे गेलो होतो. तिच्या यजमानांकडे डीव्हीडी प्लेअर आणि त्याला प्रकाशतंतूने जोडलेला अँप्लिफायर होता. सामानात ती चकती कशी आली होती ते मला सांगता येत नाही. गंमत म्हणून ती घातली. अँप्लिफायरवर एक छोटा दिवा लागला, क्षणभर शांतता झाली आणि समोरच्या मधल्या स्पीकरमधून सर म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आणि माझ्या मुलांनो." मागच्या दोन स्पीकरांतून टाळ्या आल्या. त्या टाळ्यांत आपणही होतो.

काय घडले होते? प्लेअरने चकतीवरील अंक स्वतः न वाचता जसेच्या तसे पुढे पाठवले. अँप्लिफायरमध्ये डीटीएस लिपी जाणणारा भाग होता. त्याने ती ओळखली आणि सहा वाहिन्या वेगळ्या केल्या. एवढेच.

मधली वाहिनी

येथे गोष्ट संपायला हवी होती. परंतु माझी दुसरी चूक अजून बाकी आहे.

काकूंच्या घरी दोन स्पीकरांचे साधे यंत्र होते. त्यांच्यासाठी साधी सीडी करावी म्हणून मी संगणकावर सहा वाहिन्या उलगडल्या आणि त्यांतील पहिल्या दोन, म्हणजे डावी आणि उजवी, तेवढ्या घेतल्या. आरंभीची दोन मिनिटे ऐकली. पेटीवर सूर धरलेला, सभागृहातील कुजबुज, सारे सुरेख. सीडी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी काकूंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, "अरे, शाळा ऐकू येते, पेटी ऐकू येते. पण ते कुठे आहेत?"

सरांसमोरचा मायक्रोफोन मधल्या वाहिनीत मुद्रित झाला होता, आणि मधली वाहिनी मी टाकून दिली होती. डाव्या-उजव्या वाहिन्यांत त्यांचा आवाज भिंतींवरून परतून जेवढा आला तेवढाच, शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे तसा. चित्रपटातही संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीतच असतात. दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहताना पार्श्वसंगीत कान फोडते आणि पात्रांचे बोलणे कळत नाही, अशी तक्रार आपण घरोघरी ऐकतो. तिचे एक कारण हेच असते.

सहा वाहिन्या दोनांत आणण्याची रीत ठरलेली आहे. मधली वाहिनी ०.७०७ ने गुणून डावीत आणि उजवीत, दोन्हींत मिळवायची. मागची डावी त्याच प्रमाणात डावीत, मागची उजवी उजवीत. मंद्र वाहिनी सामान्यतः सोडून द्यायची. ०.७०७ हीच संख्या का? एकाच्या जागी दोन स्पीकर तोच आवाज देणार, तेव्हा प्रत्येकाने निम्मी शक्ती द्यावी. आणि शक्ती ही लहरीच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने उंचीला दोनाच्या वर्गमुळाने भागावे लागते. सरांनी नववीत शिकवलेले हे गणित सरांच्याच आवाजासाठी उपयोगी पडले. आणखी एक सावधगिरी: तिन्ही वाहिन्या एकाच क्षणी ऐन भरात असतील तर बेरीज मूळच्या सुमारे २.४ पट होते आणि लहरीचे शेंडे छाटले जातात. म्हणून संपूर्ण बेरीज आधी त्या मानाने खाली आणावी लागते.

वाहिन्यांच्या क्रमाचाही घोटाळा असतो. वेव्ह फाईलमध्ये क्रम असा: डावी, उजवी, मधली, मंद्र, मागील डावी, मागील उजवी. चित्रपटांच्या जुन्या प्रघातात तो असा: डावी, मधली, उजवी, मागील डावी, मागील उजवी, मंद्र. एका क्रमाने लिहिलेली फाईल दुसऱ्या क्रमाने वाचली तर वक्ता मध्यभाग सोडून उजवीकडे जातो, उजवीकडचे वाद्य मध्यभागी येते आणि मागच्या डाव्या बाजूच्या टाळ्या मंद्र स्पीकरमध्ये शिरून नुसती धडधड ऐकू येते. फाईल वाजते, म्हणून ती बरोबर वाजते असे नव्हे. काकूंनी ऐकले नसते तर मला माझी चूक कधीच कळली नसती.

आपला ठेवा

मित्रहो, हा प्रश्न केवळ आजच्या यंत्रांचा नाही. आपल्या या नगरीने संगीताचा केवढा वारसा सांभाळला हे आपण जाणता. मौलाबक्षांच्या गायनशाळेची स्थापना १८८६ ची. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंडे यांनी महाराजांच्या आश्रयाने भरवली ती १९१६ मध्ये, येथेच. अब्दुल करीम खाँसाहेब तरुणपणी या दरबारात होते. फैयाज खाँसाहेब १९५० मध्ये याच शहरात निवर्तले. त्यांचे गाणे आज आपल्यापर्यंत येते ते प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांतून, आणि तेथेही लिपीचा प्रश्न आहेच. जुन्या लाखेच्या तबकड्यांना आपण सरसकट 'अठ्ठ्याहत्तरच्या' म्हणतो. पण आरंभीच्या काळात फिरण्याची गती एकसारखी नव्हती. मिनिटाला ८० फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर षड्ज जवळजवळ पाव स्वराने उतरतो, लय संथ होते, गळ्याचा पोत बदलतो. स्वरांतील परस्पर अंतरे तेवढी टिकतात. लाँगप्लेसाठी केलेली बारीक सुई लावली तर ती रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. मुद्रिका जपणे आणि ती कशी वाजवावी याची माहिती जपणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

आपल्या घरांतही असा ठेवा आहे. दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले वाडे सोडून आपल्यापैकी अनेक कुटुंबे विश्वामित्रीच्या या बाजूला आली. आजचे व्याख्यान वासण्याला होते आहे यामागेही तेच कारण आहे. घर बदलताना आजोबांची कीर्तने, आजीच्या ओव्या, मुंजीतल्या मंगलाष्टका यांच्या कॅसेटी एखाद्या खोक्यात आल्या आणि पलंगाखाली गेल्या. २०१९ च्या आणि २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अशी काही खोकी भिजली. त्यांतील एका खोक्याच्या मालकिणीने मला विचारले, "यातून आईचा आवाज निघेल का?" थोडा निघाला, पुष्कळसा निघाला नाही.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. वय झालेल्या माणसाने दिलेला सल्ला म्हणून ऐका.

पहिली गोष्ट, मूळ वस्तू कधीही टाकू नका; वाजत नाही म्हणून तर मुळीच नाही. दुसरी, मूळ फाईलला हात न लावता प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा. तिसरी, जतनासाठी ध्वनी आकुंचित न केलेल्या वेव्ह फाईलमध्ये किंवा एक बिटही न गमावणाऱ्या फ्लॅक पद्धतीत ठेवा. फ्लॅकची लिपी सर्वांना खुली आहे, ती आठ वाहिन्यांपर्यंत चालते, आणि २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत तिचा समावेश झाला आहे. साध्या वेव्ह फाईलला चार गिगाबाइटांची मर्यादा असते. सहा वाहिन्या, सेकंदाला ४८,००० मोजमापे आणि प्रत्येकी २४ बिट, असे मुद्रण केल्यास सुमारे ८३ मिनिटांत ती भरते. दोन तासांची मैफल तिच्यात मावत नाही आणि शेवटची भैरवी हरवते. चौथी, सहा वाहिन्यांच्या प्रतीबरोबर दोन वाहिन्यांची साधी प्रतही नीट बेरीज करून ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे साधे यंत्र आहे तोही वंचित राहणार नाही. पाचवी आणि सर्वांत स्वस्त: चिठ्ठी लिहा. कोणाचा आवाज, कोणत्या दिवशी, कोठे, किती वाहिन्या, कोणत्या क्रमाने, कोणत्या पद्धतीने. ती चिठ्ठी फाईलमध्येही ठेवा आणि कागदावरही. सहावी, प्रत झाली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आणि शक्य असेल तर ज्याला तो आवाज ओळखता येतो त्याला ऐकवा.

२०१२ नंतर डॉल्बी ॲटमॉससारख्या आणखी नव्या पद्धती आल्या आहेत. त्यांत आवाजाला ठरावीक स्पीकर नेमून देण्याऐवजी त्याची जागा लिहून ठेवतात आणि समोरचे यंत्र आपल्याकडील स्पीकरांनुसार तो मांडते. घरगुती वापरातील अशा काही पद्धतींच्या पोटात साधा ५.१ ध्वनी ठेवलेला असतो, म्हणजे जुन्या यंत्रालाही काहीतरी वाजवता येते. ब्लमलाइनचे तत्त्व अजून जिवंत आहे, हे पाहून बरे वाटते. परंतु कोणतीही लिपी कायमची नसते. आज घरोघरी असलेला उलगडणारा दिवा उद्या नसेल. तेव्हा दर काही वर्षांनी आपला ठेवा उघडून, वाजवून, त्या त्या काळच्या लिपीत उतरवून ठेवणे हे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागेल. शाळेने ते घ्यावे आणि आपण माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी वेळ द्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. आरंभ म्हणून सरांच्या त्या सत्काराची मूळ चकती, सहा वाहिन्यांची फ्लॅक प्रत, दोन वाहिन्यांची प्रत आणि तीन पानांची चिठ्ठी मी आज मुख्याध्यापिका बाईंच्या स्वाधीन करीत आहे.

शेवटचे एक सांगतो आणि थांबतो. दुरुस्त केलेली सीडी घेऊन मी काकूंकडे गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोरच लावली. भाषण संपले, पदे झाली, टाळ्या झाल्या. यंत्र थांबले तरी त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुसऱ्या पदात ते खोकले, तेवढं काढू नकोस हं." मी ते काढलेले नाही. आपण आता जी प्रत ऐकणार आहोत तिच्यात ते आहे.